काम सोपविले, अधिकाराचे काय?

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी आज कुणी बँकेत शाखाधिकारी आहेत, कुणी पंचायत समितीत विस्तार अधिकारी, कुणी मुख्याध्यापक, तर कुणी कारखान्यात विभागप्रमुख. कामाची ठिकाणे भिन्न असली तरी एकत्र जमलो की तक्रारीचा सूर मात्र एकच निघतो. "सगळे आम्हालाच पाहावे लागते." हाताखाली पाच माणसे असोत वा पन्नास, हे वाक्य चुकत नाही. ते उच्चारताना आवाजात थोडी कुरकुर असते आणि थोडा अभिमानही असतो. आम्हांस त्यातील कुरकुरीपेक्षा अभिमानाचीच अधिक चिंता वाटते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

सारे काम स्वतःच्या हाती ठेवणारा माणस लोभी असतो असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्यापैकी बहुतेक जण घराण्यातील पहिले अधिकारी. ज्या खुर्चीवर आपल्या घरातील कुणी कधी बसले नव्हते, तिच्यावर बसताना सभोवारचे डोळे काय शोधीत असतात हे आम्हांस ठाऊक आहे. इतरांच्या हाताखालच्या लिपिकाकडून चूक झाली तर ती त्या लिपिकाची ठरते. आमच्या हाताखालच्या लिपिकाकडून झाली तर ती आमची ठरते, आणि पुष्कळदा आमच्या समाजाचीही ठरविली जाते. म्हणून प्रत्येक टिपणी स्वतः वाचावयाची, प्रत्येक बेरीज पुन्हा करून पाहावयाची, रजेवर असतानाही दूरध्वनी जवळ ठेवावयाचा, असा स्वभाव बनून जातो. तो समजण्याजोगा आहे. परंतु त्याची किंमत हाताखालची माणसे मोजतात. वीस वर्षे नोकरी करूनही एकही निर्णय स्वतः न घेतलेला सहकारी निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल घेऊन घरी जातो, आणि त्याच्या अंगी काय होते हे त्यालाही कळत नाही, आम्हांलाही नाही.

काम कसे सोपवावे याविषयी हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गांतून पुष्कळ शिकविले जाते, आणि ते उपयोगीही असते. आम्हांस मात्र या विषयावरील सर्वांत व्यवहारी विचार विनयपिटकात आढळला. विनय म्हणजे केवळ निषेधांची यादी अशी समजूत करून आपण तो बाजूला ठेवतो. वस्तुतः शेकडो माणसांनी एका ठिकाणी राहावे, खावे, झोपावे, वस्त्रे वाटून घ्यावीत आणि भांडू नये यासाठी जे काही करावे लागते, त्याचा तो तपशीलवार आलेख आहे. वसतिगृहात वाढलेल्या माणसाला त्यातील अडचणी नवख्या वाटत नाहीत.

महावग्गातील चीवरांचे प्रकरण पाहावे. लोक चीवरे घेऊन विहारात येत. पण घेणारा कुणी न भेटल्याने ती परत घेऊन जात. त्यामुळे संघाला चीवरे कमी पडू लागली. तेव्हा चीवरे स्वीकारण्यासाठी एक भिक्षू नेमावा असे ठरले. हे स्वीकारणारे भिक्षू चीवरे घेत आणि तेथेच टाकून निघून जात. चीवरे नाहीशी होऊ लागली. मग ती जपून ठेवणारा नेमला गेला. ठेवणाऱ्यांनी ती मांडवात, झाडाखाली, मिळेल त्या जागी ठेवली, आणि उंदरांनी व वाळवीने ती खाल्ली. मग कोठार ठरविले गेले. कोठारात राखण नव्हती, म्हणून भांडागारिक नेमला. पुढे कोठारात चीवरांचा ढीग साचला, तो वाटावयास घेतला तर गलका झाला, आणि त्यातून वाटप करणारा वेगळा नेमावा लागला.

येथे कुणीतरी आधी बसून पदांचा तक्ता आखला नव्हता. एक अडचण आली, तिच्यापुरते एक काम वेगळे काढले, त्या कामाला एक माणूस मिळाला. पुढची अडचण आली तेव्हा पुढचे काम वेगळे झाले. आमच्या संस्थांत पुष्कळदा याच्या उलट घडते. पदे आधी निर्माण होतात, नावांचे फलक रंगविले जातात, आणि उपाध्यक्षांनी नेमके काय करावयाचे हा प्रश्न पाच वर्षांनीही अनुत्तरितच राहतो.

नेमणुकीची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रथम त्या भिक्षूला विचारावयाचे, हे काम स्वीकाराल काय? त्याने होकार दिल्यावर एका समर्थ भिक्षूने संघापुढे प्रस्ताव मांडावयाचा, त्याची घोषणा करावयाची. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राखावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे. एवढे झाले की तो संघाने नेमलेला. म्हणजे काम अंगावर टाकलेले नाही, संमतीने दिलेले आहे. आणि कानात सांगितलेले नाही, सर्वांसमक्ष दिलेले आहे. यातील दुसऱ्या गोष्टीचे मोल आम्ही फार कमी जाणतो. "तुम्ही जरा कोठीकडे लक्ष ठेवा" असे मुख्याध्यापक एखाद्या तरुण शिक्षकाला जिन्यात सांगतात. स्वयंपाकी, कामाठी, अधीक्षक यांपैकी कुणालाच ते ठाऊक नसते. तो शिक्षक डाळीचे पोते मोजावयास गेला की स्वयंपाकी विचारतो, "तुम्ही कोण मोजणारे?" प्रश्न रास्तच असतो.

पात्रतेचे पाच निकष सांगितले आहेत. त्यांतील चार सर्व कामांना समान आहेत. जो आवडीनिवडीने वागत नाही, द्वेषाने वागत नाही, मोहाने म्हणजे अज्ञानाने वागत नाही आणि भयाने वागत नाही, तो नेमावा. पाचवा निकष मात्र कामागणिक बदलतो. चीवरे घेणाऱ्याला काय घेतले व काय घेतले नाही हे ठाऊक असावे. कोठार राखणाऱ्याला काय राखले आहे व काय उघड्यावर आहे हे ठाऊक असावे. भोजनाची पाळी लावणाऱ्याला कुणाची लागली व कुणाची राहिली हे ठाऊक असावे. चार निकष स्वभावाचे आणि एक कामाचा. आम्ही नेमणुका करताना बहुधा या पाचव्यावरच थांबतो. हिशेब येतो ना, संगणक येतो ना, मग झाले. भयाने वागणारा माणूस कोठीवर बसविला तर दांडगाई करणाऱ्याच्या ताटात भाजी अधिक पडते, हे वसतिगृहात राहिलेल्या कुणाला सांगावयास नको.

पुढची एक नोंद आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. षड्वर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपद्व्यापी भिक्षूंनी भांडागारिकालाच त्याच्या जागेवरून हलविले. त्यावर भगवंतांनी नियम केला की भांडागारिकाला उठवू नये. जो उठवील त्याला दोष लागेल. काम दिले की ते करण्याची जागाही दिली, आणि ती जागा दुसऱ्या कुणी ज्येष्ठतेच्या वा जबरदस्तीच्या बळावर हिसकावून घ्यावयाची नाही, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. आजच्या व्यवहारात भांडागारिकाला कुणी हाताला धरून उठवीत नाही. ते फार सोप्या रीतीने होते. अधीक्षकाकडे कोठीचा कारभार दिलेला असतो, पण संस्थेचे एखादे पदाधिकारी थेट स्वयंपाक्याला दूरध्वनी करतात, "उद्या पाहुणे आहेत, दहा किलो तांदूळ जास्त काढा." तांदूळ निघतो. साठा नोंदवहीत मेळ बसत नाही. तपासणीला उत्तर अधीक्षकाने द्यावयाचे. एकदा असे घडले की स्वयंपाकी अधीक्षकाला विचारणे सोडून देतो, आणि मग अधीक्षकपद नावापुरते उरते. वरच्याने मधल्याला वगळून खालच्याशी बोलणे ही कामे सोपविण्याच्या पद्धतीवरची वाळवीच आहे. बाहेरून खांब उभा दिसतो, एवढेच.

आता दब्ब मल्लपुत्रांची हकीकत. आमच्या म्हणण्याचा सारा भार तिच्यावरच आहे.

दब्ब हे लहान वयातच अर्हत्पदाला पोहोचलेले भिक्षू. संघाची काही सेवा करावी असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी स्वतः होऊन निवासस्थाने व भोजनाच्या पाळ्या लावण्याचे काम मागितले. राजगृहातील वेळुवनात त्यांची रीतसर नेमणूक झाली. त्यांनी काम कसे केले? सुत्ते पाठ करणाऱ्यांना एकत्र जागा दिली, म्हणजे त्यांना परस्परांकडून पाठ म्हणून घेता येईल. विनय जाणणाऱ्यांना एकत्र, धर्मकथा सांगणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र, म्हणजे कुणाचा कुणाला त्रास होणार नाही. आणि ज्यांचा वेळ गप्पाटप्पांत व शरीर कमावण्यात जाई, त्यांनाही एकत्रच जागा दिली. तेही आपल्या आवडीत सुखाने राहतील! वसतिगृहातील खोल्या वाटणाऱ्या कुठल्याही गृहपालाने हा प्रसंग वाचावा. "खोल्या वाटा" एवढीच आज्ञा होती. कशा वाटाव्यात हे दब्बांनी स्वतः ठरविले आणि तसे ठरविण्यास त्यांना कुणी अडविले नाही.

मग आक्षेप आला. मेत्तिय आणि भुम्मजक नावाच्या गटातील भिक्षू संघात नवखे होते. त्यांच्या वाट्याला निकृष्ट निवास आणि साधे भोजन येई. कल्याणभत्तिक नावाचा एक गृहपती चार भिक्षूंना नित्य उत्तम भोजन देत असे. एके दिवशी पाळी या भिक्षूंची लागली. आनंदाने त्यांना रात्री नीट झोपही लागली नाही. परंतु उद्या कोण येणार हे गृहपतीला कळताच तो नाराज झाला, आणि त्यांना देवडीत बसवून कण्या व आंबील वाढण्यास त्याने दासीला सांगितले. हा निर्णय सर्वस्वी गृहपतीचा होता. या भिक्षूंनी मात्र निष्कर्ष काढला की दब्बांनीच गृहपतीचे मन आपल्याविरुद्ध कलुषित केले. आणि पुढे त्यांनी एका भिक्षुणीकरवी दब्बांवर शीलभंगाचा खोटा आळ आणला.

कण्या वाढल्या एकाने, आळ आला पाळ्या लावणाऱ्यावर. ज्याच्या हाती वाटप असते त्याच्या नशिबी हे ठरलेलेच आहे. शिधा कमी आला तर कोठीवाला चोर, अनुदान उशिरा आले तर लिपिक कामचुकार, खोलीत पाणी गळले तर गृहपाल बेपर्वा. प्रश्न एवढाच की अशा वेळी नेमणूक करणारा काय करतो.

भगवंतांनी संघ एकत्र केला आणि सर्वांसमक्ष दब्बांना विचारले. भगवंत मला जाणतातच, असे उत्तर दब्बांनी दिले. ते स्वीकारले गेले नाही. पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले, आणि केले असेल तर केले म्हणावे, केले नसेल तर केले नाही म्हणावे, असे स्पष्ट सांगितले. दब्बांनी स्पष्ट नकार दिला. मग आळ आणणाऱ्यांची चौकशी झाली आणि त्यांनी आपली कारस्थाने कबूल केली. संघाने दब्बांना स्मृतिविनय दिला, म्हणजे त्यांच्या निर्दोषत्वाचा रीतसर निवाडा केला.

या प्रसंगातील दोन्ही बाजू आम्हांस सारख्याच मोलाच्या वाटतात. आपला माणूस आहे म्हणून पाठीशी घातले नाही. तुमच्या-आमच्या ओळखीवर प्रकरण मिटविले नाही. आणि आरोप झाला म्हणून, चौकशीआधीच, काम काढूनही घेतले नाही. विनयात पुढेही निवास व भोजन यांची व्यवस्था पाहणारे दब्बच भेटतात, आणि त्यांच्याविरुद्ध कुरबुरीही पुन्हा भेटतात. संघाने नेमलेल्या भिक्षूची निंदानालस्ती करीत फिरणे हा पाचित्तिय दोष ठरला तो अशाच कुरबुरींवरून. मात्र त्याच नियमाला अपवादही जोडलेला आहे. नेमलेला माणूस खरोखरच पक्षपाताने, द्वेषाने, अज्ञानाने वा भयाने वागत असेल, तर तसे बोलणाऱ्याला दोष नाही. संरक्षण आहे, पण अभयपत्र नाही. इतकी नेमकी रेषा आम्ही आमच्या कचेऱ्यांतील परिपत्रकांत क्वचितच पाहिली.

आमच्या कचेऱ्यांत आणि संस्थांत काम सोपविण्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे काम देणे, कसाबसा पार पडतो. दुसरा अर्धा भाग, म्हणजे पहिली कुरबुर कानी आल्यावर त्या माणसाजवळ उभे राहणे, हा बहुतेक राहूनच जातो. पालकसभेत एका पालकाने आवाज चढविला की "ते काम तूर्त आम्हीच पाहू" असे जाहीर होते. नेमलेला शिक्षक खाली मान घालून ऐकतो. त्यानंतर त्या शाळेत स्वतः होऊन कुणी काम मागावयास येत नाही. दब्बांनी मागितले होते, हे विसरू नये.

बाबासाहेबांच्या चळवळीतही या प्रश्नाची एक बोलकी बाजू दिसते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू झाले; त्याच वर्षी बाबासाहेब उर्वरित शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पत्र इतरांच्या हाती आले. ते फार काळ टिकले नाही. 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा संपादनाचा भार बाबासाहेबांनी स्वतः उचलला. रकान्यांमागून रकाने एकट्याने लिहून काढले. महाडचा सत्याग्रह, विधिमंडळ, वकिली हे सारे त्याच वेळी चालू होते. ते पत्र 1929 मध्ये थांबले. त्यानंतर 24 नोव्हेंबर 1930 रोजी 'जनता' सुरू झाले ते देवराव नाईक यांच्या संपादनाखाली. पुढे संपादक बदलत गेले, पत्र चालत राहिले, आणि 1956 मध्ये त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ! पत्रे बंद पडण्यामागे पैशाची ओढगस्त हे मोठे कारण होते, त्यामुळे सारे श्रेय वा दोष कामाच्या वाटणीला देणे योग्य नव्हे. तरीही एवढे दिसते की बाबासाहेबांएवढ्या लेखणीलाही एकट्याने जे पेलले नाही, ते अनेकांच्या हातांनी पेलले. आणि 'मूकनायक'वरून हेही दिसते की नुसते दुसऱ्याच्या हाती देऊन भागत नाही. 1950 मध्ये औरंगाबादेस पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, पुढचे मिलिंद महाविद्यालय, उभे राहिले तेव्हा बाबासाहेब दिल्लीत केंद्रीय विधिमंत्री होते. रोजचा कारभार प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्याकडे होता. त्या काळच्या दळणवळणाच्या साधनांत दिल्लीहून औरंगाबादच्या प्रत्येक अर्जावर शेरा मारणे शक्यच नव्हते. कधी कधी वाटते, आमच्या खिशातील भ्रमणध्वनीने आमचे या बाबतीत नुकसानच केले आहे.

मुलांविषयी दोन शब्द, कारण निवासी शाळेत ही गोष्ट अधिकाऱ्यांपुरती नाही. जूनमध्ये विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ निवडले जाते, मतदान होते, शपथविधीचे छायाचित्र निघते. भोजनमंत्री नववीतील एखादा मुलगा असतो. ऑगस्टपर्यंत त्याचे काम पंगतीत "शांत बसा" असे ओरडणे एवढेच उरते. त्याला आठवड्याचा भाजीचा बेत ठरवू द्यावा. खर्चाची मर्यादा आधी सांगावी. बाजारात अधीक्षकांबरोबर न्यावे. हिशेब त्याने लिहावा आणि शनिवारी सर्वांपुढे वाचावा. एका आठवड्यात भोपळा चार वेळा येईल. येऊ द्यावा. मुले त्याला जे काय सुनवावयाचे ते सुनावतील, आणि पुढचा आठवडा सुधारेल. अर्थात आजारी मुलाचे औषध, मुलींच्या वसतिगृहातील ये-जा, घरी सोडण्याची परवानगी ही कामे मोठ्यांचीच आहेत आणि ती मोठ्यांकडेच राहावीत. काय द्यावयाचे नाही हे पक्के ठरलेले असले म्हणजे बाकीचे मोकळ्या मनाने देता येते.

संस्थेच्या व्यवस्थापन समितीला आमची विनंती लहानशीच आहे. दरवर्षी शाळा उघडताना सर्व कर्मचारी, विद्यार्थी व उपस्थित पालक यांच्यासमोर प्रत्येक कामाचे नाव, ते सांभाळणाऱ्याचे नाव, त्याला स्वतःच्या सहीने किती रकमेपर्यंत खर्च करता येईल आणि कोणती गोष्ट विचारूनच करावी लागेल, एवढे वाचून दाखवावे. वाचण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घेतलेली असावी. वर्षभरात तिच्या कामाविषयी तक्रार आली तर ती तिच्या उपस्थितीत ऐकावी, आणि निवाडा होईतो काम तिच्याकडेच ठेवावे. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे मात्र तत्काळ बाजूला करणे भागच आहे. कोठीतून काही काढावयाचे असेल तर पदाधिकाऱ्यांनीही अधीक्षकांच्या चिठ्ठीवरच काढावे.

समितीला सांगण्यापूर्वी आम्ही आमच्या माजी विद्यार्थी संघातही हा विषय काढला. संघाची हिशेबवही आणि वसतिगृह दुरुस्ती निधीचे बँक पुस्तक गेली अनेक वर्षे आमच्या दोन ज्येष्ठ बंधूंकडे आहे. त्यांनी ते काटेकोरपणे सांभाळले, एका रुपयाचाही घोळ कधी झाला नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने दुसऱ्या कुणाला ते शिकण्याची पाळी आली नाही. दोघांनीही वही पुढच्या तुकडीतील सभासदांकडे देण्यास आनंदाने संमती दिली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत नव्या कोषाध्यक्षांची निवड होईल. पहिली 2 वर्षे त्यांनी तिमाही हिशेब सभेपुढे ठेवावा, मधल्या काळात वही तपासावयास कुणी मागू नये, आणि 25,000 रुपयांपर्यंतची दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या निर्णयाने करून घ्यावी, असे ठरविले आहे. मुलींच्या वसतिगृहावरील पाण्याच्या टाकीचे काम त्यांच्या हातून होणारे पहिले काम असेल.